बीपीचंही पावतीपुस्तक ठेवा: गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांना खुले पत्र

प्रति,
पुण्यातल्या आणि उभ्या महाराष्ट्रातल्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे अध्यक्ष, उत्सवप्रमुख, खजिनदार आणि वर्गणीला दारोदार फिरणारी सगळी पोरं-पोरी यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मी महापालिकेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. निवृत्तीनंतर दर भाद्रपदात कुठल्या ना कुठल्या मंडळाच्या आरोग्य शिबिरात बीपी बघायला बसते. तुम्ही बोलावता, पंखा लावून देता, मधूनमधून चहा आणून देता, शेवटी शाल-श्रीफळही देता. तुमच्या मनात खोट नाही हे मला पक्कं माहीत आहे. म्हणूनच यंदाच्या पहिल्या बैठकीआधी स्पष्ट लिहिते: तुमच्या शिबिराचा कुणाच्या तब्येतीला फारसा उपयोग होत नाही. तो व्हावा असं वाटत असेल, तर त्यासाठी जे लागतं ते मात्र सगळं तुमच्याकडे आहे. इतकं मोठमोठ्या इस्पितळांकडेही नसतं.

माझ्या खुर्चीवरून शिबिर कसं दिसतं ते सांगते. रात्रीची आरती आटोपली की रांग लागते. मागे स्पीकर चालूच. समोरचा गृहस्थ नुकत्याच टाळ्या वाजवून आलेला, एका हातात प्रसादाचा द्रोण. दुसरा हात बाही न सरकवता तसाच पुढे करतो. शेजारचा मित्र म्हणतो, "सिस्टर, याचं नीट बघा, लग्न झाल्यापासून हाय आहे." सगळे हसतात आणि मशीन 164 दाखवतं. मी म्हणते, जरा बाजूला बसा, पाच मिनिटांनी परत बघू. तेवढ्यात कुणीतरी पाहुणे येतात, फोटोसाठी रांग बाजूला होते आणि तो गृहस्थ त्या गडबडीत निघून जातो. चिठ्ठीवरचा आकडा त्याच्या खिशात, खिसा धुण्यात. पलीकडच्या टेबलावर बोटाला टोचून साखर बघतात, तीही दोन पेढे खाऊन आलेल्याची. मग तो घरी जाऊन बायकोला सांगतो की मला शुगर निघाली, आणि ती बिचारी रात्रभर जागी.

बीपी बघायची रीत सोपी आहे, पण ती पाळावी लागते. अर्धा तास आधीपासून चहा, सिगारेट, तंबाखू काही नको. लघवीला लागली असेल तर आधी जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, मांडीवर मांडी न घालता पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, दंड छातीच्या उंचीला. एकदा मोजून मिनिटभर थांबायचं आणि पुन्हा मोजायचं. एवढं करून 140/90 च्या वर आलं, तरी लगेच बीपीचा शिक्का मारत नाहीत. वेगळ्या दिवशी पुन्हा बघतात. फारच जास्त असेल तर गोष्ट वेगळी, मग त्याच वेळी डॉक्टरकडे पाठवायचं. पण एरवी तो "वेगळा दिवस" लागतोच, आणि तुमच्या शिबिरात नेमका तोच नसतो. साखरेचंही तेच. रात्रभर उपाशी राहून सकाळी तपासली तर त्या आकड्याला अर्थ: शंभरच्या आत ठीक, 126 किंवा वर आली तर पुन्हा तपासून डॉक्टरला दाखवायचं, आणि मधली असेल तर आत्ताच सावध व्हायचं.

हे मधले लोक किती आहेत याचा अंदाज आपल्याला नसतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीचे आकडे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख उंबरठ्यावर आहेत. विशीच्या पुढच्या लोकांत उच्च रक्तदाब 35.5 टक्के. तुमच्या आळीत विशीपुढची तीनशे माणसं धरलीत, तर हिशेब शंभरावर जातो. यातल्या बऱ्याच जणांना काहीच होत नसतं. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून गोळीही घेत नाहीत. ज्यांना गोळी लिहून दिलेली असते तेही महिनाभर घेतात, बीपी उतरलं की "आता नॉर्मल आहे" म्हणून बंद करतात. ते नॉर्मल गोळीमुळेच असतं, हे त्यांना कुणीतरी दर महिन्याला सांगावं लागतं.

सरकारी यंत्रणेलाही हे उमगलं आहे. 2017 च्या अखेरीस देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. सातारा, सिंधुदुर्गासारखे आपले जिल्हेही त्यात आले. त्यात नवं औषध किंवा नवं यंत्र काही नव्हतं. ठरलेल्या स्वस्त गोळ्या, एका वेळी महिन्याभराच्या. प्रत्येक रुग्णाचं कार्ड. आणि ठरल्या तारखेला जो आला नाही त्याला फोन किंवा घरी निरोप. काम होतं ते या शेवटच्या गोष्टीनं. आणि सगळ्या दवाखान्यांचं घोडं पेंड खातं तेही इथेच. शहरातल्या एकेका दवाखान्याच्या वाट्याला घरांची दारं किती, आणि तिथे जायला माणसं किती. चुकलेल्या रुग्णाचं घर शोधत तिसऱ्या मजल्यावर जाणार कोण?

तुम्ही जाता की! वर्गणीला तुम्ही प्रत्येक जिना चढता. कुठलं दार कधी उघडतं, कुणाचे आजोबा दुपारी झोपतात, कोण गेल्या वर्षी 501 देऊन यंदा 251 वर आला आणि का आला, कुणाची नोकरी गेली, कुणाचा मुलगा परदेशी असतो, हे सगळं तुम्हाला तोंडपाठ. एखाद्यानं "नंतर या" म्हटलं तर तुम्ही नंतर जाता, पुन्हा "नंतर या" म्हटलं तर पुन्हा जाता, आणि पावती फाडूनच परतता. हा पाठपुरावा पगारी माणसाकडून करून घ्यायचा म्हटला तर कुठल्याही योजनेचं बजेट कोसळेल. तो तुम्ही फुकट करता, पण वर्षातून एकदा, आणि फक्त पैशासाठी.

तेव्हा माझं मागणं एवढंच आहे. वर्गणीच्या फेरीसारखी बीपीची फेरी महिन्यातून एकदा निघू द्या. ठरलेला रविवार, सकाळची वेळ, मंडळाची खोली किंवा कुणाच्याही जिन्याखालची मोकळी जागा. दोन खुर्च्या, एक टेबल, एक चांगलं मशीन. स्पीकर नको, फ्लेक्स नको, पाहुणे तर नकोतच. त्या महिन्यात जो आला नाही त्याच्या दारी एकानं जाऊन यायचं: "काका, या महिन्यात आला नाहीत." बस्स. औषध द्यायचं नाही, बदलायचं नाही, बंद कर म्हणायचं नाही, आणि कारल्याच्या रसाचे सल्ले तर अजिबात द्यायचे नाहीत. ज्याचा आकडा जास्त आहे त्याला सोबत घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात पोचवायचं. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची बीपी, मधुमेह आणि तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची मोफत तपासणी हे सरकारी आरोग्य केंद्रांच्या नेमून दिलेल्या कामातच येतं. तुमच्या भागाच्या आशाताईंकडे त्याचा फॉर्म असतो. तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, आठवड्याचा व्यायाम, घरातले आजार असे मोजके प्रश्न असतात त्यात. त्या बाई एकट्या किती घरं करणार? त्यांच्याबरोबर आळीतला ओळखीचा एक मुलगा असला, तर बंद राहणारी निम्मी दारं उघडतील.

इथे एक सक्त ताकीद. आकडे मंडळाच्या वहीत लिहायचे नाहीत, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तर चुकूनही नाही. कुणाच्या मुलीचं लग्न जमायचं असतं, कुणाचा नोकरीचा करार व्हायचा असतो, कुणाला नुसतंच सांगायचं नसतं. आकडा ज्याचा त्याच्या कार्डावर, कार्ड ज्याचं त्याच्या घरात. मंडळाच्या वहीत नाव आणि पुढची तारीख, एवढंच. एकदा का बोभाटा झाला तर लोक मशीनसमोर बसायचेच नाहीत, आणि तुमच्या वर्गणीवरही त्याचा परिणाम होईल, हे खजिनदारसाहेबांनी ध्यानात घ्यावं.

दुसरी गोष्ट बायकांची. तुमच्या शिबिराची वेळ संध्याकाळची, म्हणजे पोळ्यांची. रांगेत पुरुष जास्त, आणि एखादी बाई आलीच तर नवऱ्याला पुढे करून म्हणते, "यांचं बघा." तिचं स्वतःचं बघायचं राहतं. त्यांच्यासाठी वेगळा दिवस शोधायची गरज नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आळीत घरोघरी हळदीकुंकू चालू असतं, पुढे चैत्रात चैत्रगौरीचं असतं. तिथे जमलेल्या बायका तासभर निवांत बसलेल्या असतात. मशीन तिथे घेऊन जा, आणि बीपी बघायला तुमच्या मंडळातल्या मुलींना पाठवा. विधवा बायकांना बोलवत नसतील त्या घरी आधी तेवढं बदलून घ्या, कारण साठीच्या पुढच्या एकट्या बायका तपासणीत सगळ्यात जास्त सुटतात. आणि वाण म्हणून प्लास्टिकचे डबे लुटण्याऐवजी शिंप्याकडची मोजपट्टी द्या. आपल्याकडे बाईची कंबर 80 सेंटीमीटरच्या आणि पुरुषाची 90 च्या पुढे गेली की सावध व्हायचं असतं. वजनकाट्यापेक्षा ही पट्टी खरं बोलते, आणि कपाटात मावते.

आता तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, "सिस्टर, आमचं उत्सवाचं मंडळ आहे, दवाखाना नाही." बरोबर आहे. पण 1893 साली लोकमान्यांनी घरातला गणपती चौकात आणायचा आग्रह धरला, तो लोकांनी एकत्र यावं म्हणूनच. चारच वर्षांनी याच पुण्यात प्लेग आला आणि सावित्रीबाई फुले मुलाच्या, डॉ. यशवंतच्या, दवाखान्यात आजाऱ्यांना स्वतः घेऊन येत राहिल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. डॉक्टरकीची पदवी त्यांच्याकडे नव्हती. जवळचं म्हणाल तर 2020 मध्ये लालबागच्या राजाच्या मंडळानं मूर्तीच बसवली नाही, आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान घेतलं. करोनात तुमच्यातल्या कित्येकांनी डबे पोचवले, सिलिंडर वाहिले, परक्यांचे अंत्यविधी केले. मी दवाखान्यात होते, डोळ्यांनी बघितलंय. तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं की मंडळ कशाचं आहे.

शिक्षणाचीही अडचण नको. जामखेडला 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावोगावच्या आरोग्याचं काम सुरू केलं, ते पुढे गावातल्याच बायकांच्या हाती दिलं. त्यातल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळांची देखभाल शिकवली आणि त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. 1999 मध्ये ते जगभरच्या डॉक्टरांनी वाचलं. बारावी झालेल्या पोराला बीपीचं मशीन एका दुपारी शिकवून होतं. शिकवायला मी येईन.

रक्तदानाबद्दल थोडं. त्यात तुमचा हात कुणी धरणार नाही, पण वेळ चुकते. उत्सवाच्या दहा दिवसांत सगळीच मंडळं शिबिरं घेतात आणि रक्तपेढीत एकदम पिशव्यांचा ढीग लागतो. काढलेलं रक्त साधारण 35 दिवस टिकतं, वेगळ्या केलेल्या लाल पेशी 42 दिवस, प्लेटलेट तर अवघे पाच दिवस. मग एप्रिल-मे उजाडतो, कॉलेजं बंद, माणसं गावी, आणि थॅलेसेमियाच्या, म्हणजे ज्यांना सारखं रक्त चढवावं लागतं त्या, पोरांचे आईबाप पिशवीसाठी या पेढीतून त्या पेढीत फिरतात. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि बाईला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. पाच-सहा शेजारी मंडळांनी बसून महिने वाटून घ्या. मे महिना कोण घेतो ते चिठ्ठ्या टाकून ठरवा हवं तर.

आता कट्ट्यावर येते, आणि इथे तुम्हाला राग येणार आहे. कार्यकर्त्यांची बैठक म्हणजे वडापाव, कोल्ड्रिंक आणि तळहातावर मळलेली तंबाखू. शिबिराचा फ्लेक्स ज्या खांबाला बांधता त्याच खांबाच्या बुडाशी पिंका. 2016-17 च्या पाहणीत राज्यातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, त्यातले बहुतेक खाणारे. गुटख्यावर आपल्याकडे 2012 पासून बंदी आहे. ती किती आहे ते टपरीवर जाऊन बघा. पोरगा पहिली पुडी घरी खात नाही, ती त्याला कट्ट्यावर मिळते, आणि देणारा त्याचा लाडका दादा असतो. लाडक्या दादानं मांडवात पुडी बाहेर काढायची नाही असं ठरवलं, तर माझ्या दहा भाषणांचं काम होईल. सोडायची असेल त्याला 1800-11-2356 हा सरकारी मोफत नंबर द्या, बोलून धीर देतात. पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही. त्या दिवसांत त्याला मिरवणुकीच्या परवानगीसाठी चौकीवर पाठवू नका, भांडण करून येईल.

खाण्यावर मी फार बोलणार नाही. मोदकावर माझा राग नाही. गणपतीत मोदक नाही खायचा तर कधी? मला दहा दिवसांची काळजी नाही, उरलेल्या साडेतीनशेची आहे. रोज दोन कप गोड चहाच्या जागी चार होतात, जेवणात पापड-लोणचं, संध्याकाळी फरसाण. दिवसाला मीठ सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, आणि त्यात फरसाणातलंही आलं. बैठकीला शेंगदाणे-फुटाणे, काकडी, बिनमिठाचं ताक ठेवून बघा. पहिल्या बैठकीला नावं ठेवतील. तिसऱ्या बैठकीला ताट रिकामं होईल, कारण भूक लागलेला कार्यकर्ता समोर येईल ते खातो.

आणि चालणं. आठवड्याला दीडशे मिनिटं, जरा दम लागेल असं. लोकांना चाला म्हणून सांगते, तर ते म्हणतात फूटपाथ कुठंय? फूटपाथवर पंधरा दिवस आधी आपलाच मांडव आणि पंधरा दिवस नंतर आपलेच बांबू. ते बांबू वेळेत हलवणं हीसुद्धा समाजसेवा आहे, तिला वर्गणीही लागत नाही. तुमच्या ढोल-ताशा पथकांचं मला खरंच कौतुक वाटतं. पोरी कमरेला ढोल बांधून नदीपात्रात तासन् तास सराव करतात. महिन्या-दोन महिन्यांत त्यांचे खांदे, पाठ, दम सगळं बदलतं. मग अनंत चतुर्दशी होते, ढोल गोदामात जातो आणि सगळी परत दुचाकीवर बसतात ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत. ज्या वेळेला सरावाला जमत होता त्याच वेळेला, त्याच ठिकाणी, ढोल न घेता जमा. घोळका तयारच आहे, शिट्टीवाला दादाही आहे. येताना घरातलं एक म्हातारं माणूस बरोबर आणा, त्यांच्या चालीनं चाला. कानाचं मात्र आत्ताच बघा. भिंतीसारखे स्पीकर लावणाऱ्यांना वेगळं पत्र लिहावं लागेल, तो विषय इथे मावणार नाही.

2025 मध्ये सरकारनं गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला, तेव्हा कागदोपत्रीही आता तुम्ही मोठे झालात. उत्सव संपल्यावर जमाखर्चाची बैठक होते, अहवाल छापता. त्या अहवालात देखावा, मिरवणूक, बक्षिसं यांच्याखाली एक ओळ पाहिजे: यंदा किती जण दर महिन्याला येत राहिले. शिबिराला आले किती ते नको, येत राहिले किती ते. पहिल्या वर्षी आकडा लहान असेल. वीस असला तरी छापा.

यंदाच्या पहिल्या बैठकीला विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. मंडळातल्या दोन मुलांची आणि दोन मुलींची नावं आधी ठरवून ठेवावीत, मी त्यांना शिकवायला येईन. शाल-श्रीफळ नको; त्या पैशांत मशीनच्या बॅटऱ्या येतील.

कळावे, लोभ असावा.

तुमच्याच आळीतल्या,
एक निवृत्त सिस्टर

ता. क. मशीन घेताना दंडावर बांधायचं, मनगटावरचं नव्हे. आणि पट्टे दोन आकारांचे घ्या, जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. उत्सवप्रमुखांनी स्वतःसाठी मोठाच मागवावा.